पिकअपवरचं नाणं

विट्यात लग्नाला कर्णे लावणारे एक मामा होते. रेकॉर्ड कुठलीही असो, सुई उडू नये म्हणून ते पिकअपवर, म्हणजे सुईच्या दांड्यावर, चार आण्याचं नाणं ठेवायचेच! रेकॉर्ड पार खरवडून निघायची. आणि मी त्यांच्याकडे नेलेली पंक रॉकची, म्हणजे विलायतेतल्या बेकार पोरांच्या संतापलेल्या गाण्यांची, एकदम नवी एलपी, बोटीवर नोकरीला असलेल्या चुलतभावाने आणलेली, संध्याकाळी त्याला जशीच्या तशी परत द्यायची! मामांनी ती लावली, आणि कर्ण्यातून आरडाओरडा सुरू झाला.

"मोठ्या कंपनीनं काढलीय, मामा!"

"व्हय? मग आता ही पोरं कशापायी वरडत्यात?"

तेवढ्यात सुई उडाली. मामांचा हात खिशात गेला.

"मामा, नाणं नको!"

नाणं पिकअपपाशी येऊन थांबलं. मामा कान देऊन ऐकत राहिले.

"न्हाई ठेवत. ह्यांच्या छातीवर आधीच लय वझं हाय, गड्या."

आणि रेकॉर्डची ती बाजू संपेपर्यंत ते वाकून, पिकअप बोटाने तोलत उभे राहिले.