दहा पॉइंटांचा जावई

गणपतीसाठी गावी जायचं आणि पोचायचं ते विसर्जन झाल्यावर, असा मस्कतातला एकमेव कोकणी माणूस म्हणजे ओमप्रकाश. चतुर्थीच्या आधी विमानाची तिकिटं आभाळाला भिडतात आणि अनंत चतुर्दशी झाली की जमिनीवर येतात, हे त्याचं त्यामागचं शास्त्र. तो देवरुखला पोचतो तेव्हा मखराचे पुठ्ठे पडवीत पडलेले असतात, मोदक संपलेले असतात आणि भाऊ मुंबईला परतलेले असतात. ओमप्रकाश रिकाम्या चौरंगाला नमस्कार करतो आणि तिकिटात किती वाचले ते आईला सांगतो. आई कौतुक करते, कारण दुसरं काय करणार.

मस्कतच्या गाला नावाच्या भागातल्या एका स्पेअर पार्ट्सच्या फर्ममध्ये तो खरेदी बघतो. समोरच्या विक्रेत्याला चहा पाजून, हवापाण्याच्या गप्पा मारून, त्याला जेवणाची वेळ टळेपर्यंत बसवून ठेवायचं आणि तो वैतागला की भाव पाडायचा, यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. अर्बाब, म्हणजे त्याचा ओमानी मालक, त्याच्यावर खूश आहे. अडचण एवढीच, की ही कला ओमप्रकाश ऑफिसात ठेवून येत नाही. मस्कतातल्याच बौशरच्या फ्लॅटमधला सोफा त्याने एका घर सोडून जाणाऱ्या माणसाकडून उचलला, तोही कंटेनर निघायच्या दिवशी. आंबे तो पाऊस तोंडावर आला की घेतो. मुलीचं, पूर्वाचं, लग्न त्याने चिपळूणला एका मंगळवारी लावलं, कारण मंगळवारी हॉल निम्म्यात मिळत होता. लोक त्याला ओमशेठ म्हणतात. त्याला वाटतं, मानाने म्हणतात.

तर या ओमशेठनी मागच्या थंडीत क्रिकेटची टीम घेतली.

टेनिस बॉलचं क्रिकेट मस्कतातल्या आपल्या लोकांत वर्षानुवर्षं चालू आहे. शुक्रवारी सकाळी गालाच्या मागच्या खडकाळ मैदानावर रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातली माणसं आठवडाभराची गुलामी विसरून बॅटी फिरवतात. त्या वर्षी आयोजक प्रसादने, जो तिथल्या मराठी मंडळाच्या सगळ्या कार्यक्रमांत माईक सोडत नाही, नवीन टूम काढली. खेळाडूंचा लिलाव. प्रत्येक मालकाला हजार पॉइंट, खेळाडूची सुरुवातीची बोली दहा. मालकांनी आळीपाळीने एकेक नाव पुकारायचं आणि बोली लावायची. आणि खरी गंमत पुढेच होती: एकदा घेतलेला खेळाडू पाच वर्षं त्याच टीमचा, आणि लिलावात ठरलेला भावही पाच वर्षं तोच.

ओमप्रकाशच्या अंगात वारं शिरलं. त्याने यूट्यूबवर शोधाशोध केली आणि त्याला अमेरिकेतला एक टोपीवाला सापडला. हा गृहस्थ बेसबॉलच्या लिलावाचे डावपेच शिकवायचा. खऱ्या बेसबॉलचे नव्हेत. तिकडची हौशी माणसं घरी बसून कागदोपत्री टीम बनवतात, खऱ्या खेळाडूंच्या नावांवर बोली लावतात आणि वर्षानुवर्षं ती नावं सांभाळतात. ओमप्रकाशला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पिचर म्हणजे बोलर आणि कॅचर म्हणजे कीपर, एवढ्यावर त्याचं ज्ञान थांबलं. पण टोपीवाल्याचे डावपेच ऐकून त्याला आपलाच हरवलेला भाऊ भेटल्यासारखं झालं. सुरुवातीला सगळ्यांचे खिसे गरम असतात तेव्हा गप्प बसा. जो नकोय त्याचं नाव आधी पुकारा, म्हणजे दुसरे त्याच्यावर उधळतील. जो हवाय त्याचं नाव ओठांवर आणू नका, शेवटी तो फुकटात मिळेल. आणि कुठल्याही खेळाडूच्या प्रेमात पडू नका.

"कलावती, हा माणूस माझंच डोकं घेऊन जन्माला आलाय," तो बायकोला म्हणाला.

कलावती भाजी निवडत होती. तिच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. जावई अजिंक्य चिपळूणचा. लग्नानंतर ओमप्रकाशनेच त्याला गालातल्या एका वर्कशॉपात चिकटवलं होतं, आणि पगार ठरवताना अर्बाबच्या बाजूने घासाघीस केली होती, सवयीने. पोरगा कामाचा होता. आता त्याला दुक्मच्या रिफायनरीतल्या एका कंत्राटदाराने बोलावलं होतं. दुक्म म्हणजे पाच-सहा तासांचं वाळवंट ओलांडून, नुसत्या पुरुषांचा कॅम्प. तो गेला तर पूर्वाचं काय? इथे एकटी राहणार, नाहीतर चिपळूणला सासरी जाणार. अजिंक्यने कंत्राटदाराकडून रविवारपर्यंतची मुदत मागून घेतली होती. लिलाव होता शुक्रवारी.

"अहो, तो डळमळीत आहे," कलावती म्हणाली. "पूर्वा सांगत होती, त्याला इथे कुणी विचारत नाही असं वाटतं. क्रिकेट तेवढं आवडीचं आहे त्याच्या. त्याला नीट घ्या टीममध्ये. चार लोकांत मान द्या. माझी पोर दहा मिनिटांवर राहते, ती तशीच राहू दे."

"अगं, घेणार म्हणजे काय? पाच वर्षं बांधून ठेवतो त्याला. दुक्मला जातोच कसा ते बघू."

"नीट घ्या म्हटलं मी."

"तू डावपेचात पडू नकोस."

लिलाव गालातल्या एका हॉटेलच्या पार्टी हॉलमध्ये होता. समोर मालकांची टेबलं आणि त्यांच्या मागे खुर्च्यांच्या रांगांत स्वतः खेळाडू. ज्याचा लिलाव व्हायचा तो उभा राहायचा. बोली सुटली की पुढे येऊन मालकाच्या हातून टोपी घालून घ्यायची, आपल्या भावाचा पुठ्ठा छातीशी धरायचा आणि फोटो काढायचा. फोटो लगेच ग्रुपवर. टोपीवाल्याच्या अमेरिकेत ज्यांचा लिलाव होतो ते खेळाडू कुठे हजारो मैलांवर असतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. इथे ते मागे बसून सामोसे खात होते. हा फरक ओमप्रकाशच्या लक्षात आला नाही. पंधरा व्हिडिओ बघूनही आला नाही.

अजिंक्य दुसऱ्या रांगेत बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. पूर्वाही आली होती, मागे बायकांच्यात.

पहिल्या फेरीत ओमप्रकाशने एका धडाकेबाज फलंदाजाचं नाव पुकारलं, जो त्याला मुळीच नको होता. बाकीचे तुटून पडले. ओमप्रकाश गालातल्या गालात हसला. दुसऱ्या फेरीत तेच. मग बाबामियाँची पाळी आली. बाबामियाँ दापोलीकडचे, बौशरमध्ये त्यांचं किराण्याचं दुकान, आणि ओमप्रकाशच्या मते लिलावातला सगळ्यात कच्चा लिंबू. त्यांनी त्यांच्याच दुकानात गाडी चालवणाऱ्या इरफानचं नाव पुकारलं. इरफान बॅटिंगला उतरला की पुढचा फलंदाज बॅट घेऊन उभाच असायचा.

"दीडशे," बाबामियाँ म्हणाले.

"चाचा, समोर कोणी नाहीये," प्रसाद माईकवरून म्हणाला. "दहात मिळतोय तुम्हाला."

"दीडशे बोललो ना मी. लिहा."

ओमप्रकाशने खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "बाबामियाँ, काय हे? स्वतःच्या विरुद्ध स्वतः बोली?"

"अरे ओमशेठ, माझा माणूस आहे तो. रोज माझ्याच बाजूला बसून गाडी चालवतो. दहाचा पुठ्ठा गळ्यात घालून उद्या माझ्याकडे बघेल कसा? आणि मी त्याच्याकडे?"

इरफान पुढे आला तेव्हा त्याची मान ताठ होती. दीडशेचा पुठ्ठा त्याने असा धरला की जणू वरात निघालीय. ओमप्रकाशने शेजारच्याला डोळा मारला. या लोकांना व्यवहार कधी कळणार, असं त्याचं तोंड सांगत होतं.

दुपार झाली. मालकांच्या थैल्या रिकाम्या होत आल्या तसा ओमप्रकाश कामाला लागला. दहा, पंधरा, वीस, एकेक करत त्याने माणसं उचलली. दोघांचे गुडघे गेले होते. एकजण सकाळपासून सांगत होता की आपण फक्त स्कोअर लिहायला आलोय. पाच वर्षांच्या दूरदृष्टीने घेतलेला एक तरुण गोलंदाज व्हिजिट व्हिसावर होता आणि पुढच्या आठवड्यात खेडला परत चालला होता. पण स्वस्त होता. ओमप्रकाशला स्वस्त म्हटलं की पुढचं दिसत नाही.

या सगळ्या वेळात अजिंक्यचं नाव कोणी पुकारलं नाही. कारण साधं होतं. तो ओमशेठचा जावई. दुसऱ्याच्या जावयाला हात घालायचा म्हणजे भांडण विकत घ्यायचं, आणि आपल्या माणसांत एवढी रीत अजून शिल्लक आहे. तो सलामीचा उत्तम फलंदाज असूनही सगळे मालक थांबले की सासराच मानाने पुकारेल. सासरा थांबला, कारण टोपीवाल्याने सांगितलं होतं. त्यामुळे दुसऱ्या रांगेतला तो पोरगा सकाळपासून एकेकाला उभं राहताना बघत होता. इरफान गेला. गुडघेवाले गेले. स्कोअर लिहिणाराही गेला. अजिंक्यने मोबाइल काढला, ठेवला, परत काढला.

अगदी शेवटी, मागे दोन-चारच टाळकी उरली तेव्हा, ओमप्रकाश उठला.

"अजिंक्य," तो म्हणाला. "दहा."

अजिंक्य उभा राहिला. प्रसादने सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली. सगळ्यांचे हात टेबलाखाली होते. ओमप्रकाशच्या खात्यात तेव्हा सहाशेच्या वर पॉइंट पडून होते आणि ते समोरच्या फळ्यावर मोठ्या आकड्यात सगळ्यांना दिसत होते.

"ओमशेठ," प्रसाद माईक बाजूला धरून म्हणाला, "बघा, अजून पॉइंट आहेत तुमच्याकडे. ही शेवटची नावं. आज उरतील ते खलास होणार, पुढच्या वर्षी चालणार नाहीत."

"माहितीय मला. दहा."

बाबामियाँ खाकरले. "वाढवा ओमशेठ. तुम्हीच वाढवा."

"समोर कोणी नसताना? मी काय वेडा आहे?"

तो मोठ्याने हसला. दुसरं कोणी हसलं नाही. प्रसादने एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं, आणि तिसऱ्यांदा म्हणायला त्याने इतका वेळ लावला की तेवढ्यात एखादा शहाणा माणूस शंभरदा शहाणा झाला असता. मग हातोडी आपटली.

अजिंक्य पुढे आला, सासऱ्यासमोर मान वाकवून त्याने टोपी घालून घेतली, दहाचा पुठ्ठा छातीशी धरला आणि फोटोसाठी हसला. चांगल्या घरचा मुलगा. तो हसला याचंच आम्हाला जास्त वाईट वाटतं. फोटो पाच मिनिटांत ग्रुपवर गेला, अर्ध्या तासात चिपळूणला पोचला, आणि त्याच्या आईचा फोन आला. दहा म्हणजे काय रे, तिने विचारलं. काही नाही गं, नंबर आहे टीममधला, असं त्याने सांगितलं.

घरी जाताना गाडीत ओमप्रकाश एकटाच बोलत होता; अजिंक्य मुलांबरोबर मागे थांबला होता. "बघितलंस? एक जण बोलला नाही. पाच वर्षं दहा पॉइंटमध्ये सलामीवीर. ह्याला म्हणतात डाव." मागच्या सीटवर पूर्वा खिडकीतून बाहेर बघत होती. मस्कतात जन्मलेली, इथल्याच शाळेत शिकलेली, तिचं मराठी जरा अडखळतच यायचं. त्या दिवशी अडखळलं नाही.

"बाबा, सहाशे उरले होते तुमचे."

"उरले म्हणजे वाचले."

"कशासाठी?" तिने विचारलं. ओमप्रकाशने एसी वाढवला.

रविवारी संध्याकाळी दोघं आले. कलावतीने साबुदाणा वडे केले होते. अजिंक्यने आधी खाल्लं, पाणी प्यायला आणि मग शांतपणे सांगितलं की दुक्मला हो म्हणून कळवलंय. महिनाअखेर जॉइन व्हायचं. पूर्वा सध्या चिपळूणला सासरी जाईल.

कलावतीच्या हातातली ताटली तशीच राहिली. ओमप्रकाश सावरून बसला. भावाचा विषय आला की त्याला बळ येतं.

"अरे, पण त्यांनी पहिला आकडा सांगितला आणि तू मान डोलावलीस? ताणायचं थोडं. मला विचारायचंस."

"मी काही मागितलंच नाही, बाबा," अजिंक्य म्हणाला. आवाजात राग नव्हता. "हो म्हणालो, तर त्यांच्या मॅनेजरनेच पगार वाढवून दिला. म्हणाला, तुझ्यासारखा माणूस एवढ्यात घेणं बरं दिसत नाही. समोर दुसरं कोणी नव्हतं, तरी."

कलावतीने नवऱ्याकडे एकदाच बघितलं आणि ती आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला, जरा जास्तच.

ओमप्रकाश गॅलरीत गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला महाग घ्यावंसं वाटत होतं, घाईने, मिळेल त्या भावाने. त्याने प्रसादला फोन लावला.

"प्रसाद, अजिंक्यचे सहाशे लिही. सगळे लिही. पुठ्ठा नवीन कर आणि फोटो परत टाक ग्रुपवर. मी टोपी घालतो त्याला, सगळ्यांसमोर घालतो. आज येऊ का?"

"ओमशेठ, ते पॉइंट शुक्रवारीच गेले. आता भाव बदलत नाही. नियमच आहे तसा."

"किती वर्षं?"

"पाच," प्रसाद म्हणाला.

आत पूर्वा चपला घालत होती. अजिंक्यने टीमची टोपी नीट घडी करून सोफ्याच्या हातावर ठेवली होती.