अज्ञानाचे प्रतिज्ञापत्र

"साहेब, हे आमचे जुने कर्मचारी. इथल्या गावातलेच. कायदा एवढा बदलला, यांना आता झेपत नाही. चूक यांच्याकडून झाली."

मुंबईहून आलेले सल्लागार बोलत होते. माझ्याबद्दल. मी त्यांच्या शेजारी, संगणकाच्या पडद्यासमोर बसलो होतो. प्राप्तिकराची सुनावणी हल्ली पडद्यावर होते. अधिकाऱ्याचा आवाज येत होता, चेहरा दिसत नव्हता. माझा चेहरा मात्र त्याला दिसत होता. कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा बेताने धाकटे शेठ बाजूला उभे होते. मालकांचे चिरंजीव, कंपनीचे संचालक. वयाने माझ्या मुलाएवढे. त्यांनी हाताने खूण केली. हात जोडा.

मी जोडले.

"तुम्हाला खरोखर माहीत नव्हतं?" अधिकाऱ्याने विचारले.

"नाही साहेब. माझ्या लक्षात आलं नाही."

पडदा बंद झाला. धाकटे शेठ म्हणाले, "काका, तुम्ही नाटकात जायला हवं होतं. काय बावळट चेहरा केलात." सल्लागार हसले. चहा घेऊन आलेला माणूसही हसला. मीही हसलो. त्यांचे हसणे मी विसरू शकलो असतो. माझे विसरता येत नाही.

वसई पूर्वेच्या त्या कारखान्याच्या कर विभागात माझे आयुष्य गेले. मी भुईगावचा. वडील वाडीत केळी आणि पानवेली राखत. मी कारकून म्हणून लागलो, नोकरी सांभाळून कायद्याची पदवी घेतली, विभागप्रमुख झालो. निवृत्तीनंतरही मुदतवाढ मिळत राहिली. कर नियोजन हा माझा विषय. नवे यंत्र सप्टेंबरात चालू केले तर वर्षाचा पूर्ण घसारा, म्हणजे झिजेपोटीची वजावट, मिळतो, दिवाळीनंतर केले तर अर्धाच. अशा गोष्टी आधी सांगणे हे माझे काम. कायद्याने दिलेली सवलत पुरेपूर घ्यावी, न दिलेली मागू नये, हे मी हाताखालच्यांना शिकवले.

आणि मीच ते पाळले नाही.

राजोडीच्या किनाऱ्यावर शेठ कुटुंबाचा बंगला आहे. शनिवार-रविवार तिथे त्यांची मित्रमंडळी जमतात. कागदोपत्री तो कंपनीचे कर्मचारी प्रशिक्षण केंद्र आहे. आमच्या एकाही कर्मचाऱ्याने त्याची पायरी चढलेली नाही. बंगल्याचा खर्च कंपनीच्या नफ्यातून वजा दाखवायचा, तेवढा कर वाचवायचा. याला नियोजन म्हणत नाहीत. चोरी म्हणतात. मी एकदा तसे बोललो होतो. "काका, तुम्हाला कुणी विचारलं?" एवढेच उत्तर आले. मी विवरणपत्रात तो खर्च दाखवला.

अशी चोरी पकडली गेली की कंपन्या एक वाट काढतात. प्रामाणिक चूक असेल तर कायदा दंड माफ करू शकतो. लबाडीला माफी नाही. पण कंपनीला चूक करता येत नाही. चूक माणसाला करावी लागते. मग माणूस शोधतात. संचालक तो होत नाही. सल्लागाराला आपले नाव जपायचे असते. विभागातला कुणीतरी शपथेवर लिहून देतो की मला कायद्याचे पुरेसे ज्ञान नव्हते. दंड टळतो. त्या माणसाला पगारवाढ मिळते.

मी असे तीनदा लिहून दिले. पडद्यावरची ती सुनावणी तिसऱ्या वेळची. माझ्या घराचा वरचा मजला त्यातूनच उभा राहिला. गावातले लोक आपापली विवरणपत्रे घेऊन माझ्याकडे येत. "ह्यांना विचारा, ह्यांना सगळा कायदा पाठ." मी त्यांना खुर्ची देत असे आणि नजर चुकवत असे.

यंदा त्याच बंगल्याचा आणखी एका वर्षाचा खर्च तपासणीत अडकला. धाकट्या शेठनी बोलावले. कागद तयार होता.

"काका, तुमचा कोटा संपला. चौथ्यांदा तुम्ही अडाणी, हे कोण मानेल? फिलोमिनाला सांगा. तुमचं ऐकते ती."

फिलोमिना माझी सहायक. तीही भुईगावचीच. नोकरी करत सीए झाली. वडील गेले, घर तिच्यावर. माझ्यानंतर विभाग तिच्याकडे जायचा होता. आपल्याला कर-कायदा कळत नाही असे ज्या सीएने शपथेवर लिहिले, तिला कोणती कंपनी कर विभागात उभी करील? हे मला ठाऊक होते. तरी मी कागद उचलला. शेठनी सांगितले आणि माझा हात पुढे गेला. इतकी सवय.

जेवणानंतर मी तो तिच्या टेबलावर ठेवला. तिने शांतपणे वाचला.

"सर, यात लिहिलंय की मला कायदा समजत नाही."

"तसं लिहायचं असतं."

"मला तर तुम्हीच शिकवलात."

मी कागदावरची सहीची जागा दाखवली.

"तुम्ही केलेल्या ना अशा सह्या? तुम्हाला येत नव्हतं का तेव्हा?"

"येत होतं."

तिने माझ्याकडे पाहिले. नकार देईल असे मला वाटले. तशी माझी इच्छाही होती. तिने नकार दिला की मी सुटणार होतो. पण तिने पेनाचे टोपण काढले.

"तुम्ही आणलंय म्हणजे विचार करूनच आणलं असणार. डॅडींच्या ठिकाणी आहात तुम्ही."

तिचा हात कागदावर गेला. मी कागद ओढून घेतला.

थेट धाकट्या शेठच्या दालनात गेलो. त्यांनी बसायला सांगितले नाही. मी बसलो.

"ती सही करणार नाही."

"का? नाही म्हणाली?"

"ती हो म्हणाली. मी नाही म्हणतो."

"काका, या वयात तत्त्वं? मजला कुणाच्या मेहेरबानीवर चढवलात?"

"तुमच्या. म्हणूनच आता बोलतो आहे."

परत आलो तेव्हा फिलोमिना उभी होती. तिने आभार मानले नाहीत. म्हणाली, "सर, तुम्ही तो कागद माझ्याकडे आणलात. हे मी विसरणार नाही." तिने विसरू नये.

दुसऱ्या दिवशी माझी मुदतवाढ रद्द झाली. घरी बायकोला सगळे सांगितले. मजल्याचे तिला माहीत होते, प्रतिज्ञापत्रांचे नव्हते. तिने भाजी निवडता निवडता ऐकले.

"आता काय करणार?"

"त्या तिन्ही सह्या खोट्या होत्या, असं खात्याला कळवणार."

"घर जाईल?"

"जाऊ शकतं. खटलाही होईल."

"मग सगळं लिहा. अर्धं ठेवू नका." आणि निवडलेली भाजी घेऊन ती आत गेली.

ओळखीच्या वकिलाने सांगितले, "वयाचं कारण पुढे करा. दडपणाखाली होतो म्हणा." मी ऐकले नाही. दडपण होते, पण मला नाही म्हणता येत होते. म्हटले नाही. त्याचे मला पैसे मिळाले.

निवेदनाचे पहिले वाक्य मी असे लिहिले आहे: प्रत्येक वेळी मला कायदा पूर्णपणे माहीत होता, आणि मी तो जाणूनबुजून मोडला. बंगल्याबद्दलही लिहिले आहे, नावानिशी. सोमवारी मी ते निवेदन दाखल करीन. पुढची सुनावणी माझी असेल. सल्लागार नको. उत्तरे मी देईन.