कूलरमधलं धुवण

त्या दुष्काळात आमच्या गल्लीतून माणसांआधी जनावरं गेली. धारूरच्या अलीकडे चारा छावणी उघडली आणि शेजारच्या मावशीचा मालक दोन्ही म्हशी घेऊन तिकडेच मुक्कामाला गेला. मागे राहिली मावशी, तिच्या कोंबड्या आणि धुवणाची बादली. डाळ-तांदूळ धुतलेलं, पीठ मळायची काटवट विसळलेलं पाणी तिनं जन्मात कधी मोरीत ओतलं नव्हतं. ते म्हशींचं असायचं. आता म्हशी नव्हत्या, पण हाताची सवय थोडीच छावणीला जाते!

मी सहकारी दूध सोसायटीत दुधाची फॅट तपासायचे. गावात दूधच उरलं नाही, त्यामुळे काम सकाळीच आटपायचं आणि पुढची अख्खी दुपार खायला उठायची. नवरा वारल्यापासून माझ्या घरात आवाज करणारी एकच वस्तू होती, खिडकीतला कूलर. टँकरचं पाणी प्यायला पुरेना, मग कूलरला कुठून घालणार? कोरडाच फिरवला तर गरम हवा आणि अंगणातली धूळ, दोन्ही फुकटात घरात.

एके दुपारी मावशी बादली घेऊन दारात उभी.

"बाई, कूलर कोरडा कावून ठिवला?"

"पाणी कुठंय मावशी?"

"मंग हे काय हाय? म्हशी न्हाईत तर ह्यो पिल की!"

मी काही म्हणायच्या आत तिनं बादली टाकीत रिकामी केली. मला हसूच आलं. थोड्या वेळानं जाळीतलं गवत भिजलं, गार वारा आला, आणि मावशी पदरानं तोंड पुसत सतरंजीवर टेकली. तेव्हापासून ती रोज यायची. धाकटी म्हैस तिच्याशिवाय पान्हा सोडत नाही, मालकाला भाकरी थापता येत नाही, असं काहीबाही सांगता सांगता बसल्या जागी घोरायला लागायची. मी तोंडाची फटकळ, माझ्याजवळ सहसा कुणी टिकत नाही. ही टिकली. तिचं घोरणं ऐकत मी पडून राहायचे आणि मला फार बरं वाटायचं.

मग शिंका सुरू झाल्या. डोळे चुरचुरायला लागले, आणि हळूहळू छातीत मांजर बसल्यासारखी घुरघुर. पहाटे श्वास अडकला की उठून बसायचे. आपण गेलो तर दार कोण उघडणार, ह्या भीतीनं मी आतून कडी लावायचंच सोडलं.

धारूरच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं, "घरात कुठं ओल आहे का? बुरशी?"

"डॉक्टर, ओल असती तर आधी प्यायले नसते का?" मी म्हणाले. ते हसले नाहीत. औषध दिलं, आणि घरात ओलं राहतं असं काहीही असेल तर शोधा म्हणाले.

घरात शिरले तर आंबूस वास आला. इतके दिवस तो आलाच नव्हता; नाकच चोंदलेलं, ते औषधानं आता सुटलं होतं. कूलरची जाळी काढली. गवत काळं पडून गिळगिळीत झालं होतं, टाकीच्या तळाला पिठाचा साका आंबला होता. ज्या वाऱ्यात आम्ही दोघी बसत होतो, तो ह्यातून येत होता.

सगळं गवत फेकलं. टाकी घासून उन्हात वाळवली, नवीन गवत भरलं, गोधड्यांना ऊन दाखवलं, झाडूऐवजी ओल्या फडक्यानं फरशी पुसू लागले. अंघोळ दिवसाआड करून टँकरचं थोडं स्वच्छ पाणी वाचवून तेवढंच टाकीत घालायचं आणि उरलेलं रोज काढून फरशीला वापरायचं, असं ठरवलं. मावशी बादली घेऊन आली तेव्हा तिला सगळं दाखवून म्हणाले, "धुवण नका आणू. पण तुम्ही या."

तिनं काळं गवत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "रिकाम्या हातानं कशी येऊ बाई? दुसऱ्याचा गारवा फुकट खायाची सवय न्हाई मला."

ती आली नाही. माझी छाती मोकळी झाली आणि दुपार पुन्हा तेवढीच लांब झाली. शेवटी मीच माझं धुवण लोट्यात घेतलं आणि तिच्या पत्र्याच्या खोलीत गेले. म्हटलं, कोंबड्यांना होईल. मावशीला इतका आनंद झाला की तिनं लगेच चहासाठी चूल पेटवली. धूर कोंडला, कोंबड्या फडफडल्या, आणि चहाला उकळी यायच्या आत माझी घुरघुर सुरू झाली. मी खोकला दाबत होते. तिनं ऐकलं.

तिनं चुलीवर पाणी मारलं, माझा दंड धरून मला बाहेर आणलं आणि थेट माझ्या दारापर्यंत पोचवलं. उंबऱ्याच्या आत मात्र पाय टाकला नाही.

"तुमी तुमच्या घरीच बऱ्या, बाई," ती म्हणाली. रागानं नाही, लई मायेनं म्हणाली.

मी आत येऊन कूलर लावला. स्वच्छ, गार हवा आली, श्वास लागलीच मोकळा झाला. सतरंजी दोघींपुरती पसरलेली होती. मी रडले, आणि रडतानाही मला छान श्वास घेता येत होता.