तिच्या खोलीतला नळ

इंजिनकाकांनी जन्मभर दुसऱ्यांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त केली आणि म्हातारपणी स्वतःच एका बोटीत राहायला आले. बायको गेल्यापासून एकटेच. एक कप, एक ताटली, एक खुर्ची. बोलणं माणसांपेक्षा पाण्याच्या पंपाशी जास्त. "कुरकुरू नकोस रे बाबा," म्हणायचे, आणि तो आणखी कुरकुरायचा.

गेल्या वर्षी मुलगी आठ दिवस राहायला म्हणून आली. तिसऱ्याच दिवशी पोट असं बिघडलं की थेट दवाखाना. तेव्हापासून ती धक्क्यावरच्या चहाच्या दुकानात भेटायची, तासभर, घड्याळाकडे बघत. उद्या पुन्हा येणार होती. या वेळी तिने बोटीवर राहावं, एवढीच काकांची इच्छा.

म्हणून त्यांनी सकाळीच पिण्याच्या पाण्याची टाकी निर्जंतुक करायला घेतली. फिल्टर काढून ठेवला, क्लोरीनचं औषध मोजून ओतलं, वर पाणी भरलं, पंप लावला. आता एकेक नळ उघडायचा आणि वास येईपर्यंत वाहू द्यायचा. वास आला, म्हणजे औषध तिथवर पोचलं.

"काय काका, जावई येतोय का?" शेजारच्या बोटीवरून रंगारी ओरडला. "दवाखान्यासारखी घमघमतेय बोट!"

"जावई नाही रे, मुलगी."

"मग अवघड आहे! जावई फुगला तर समजूत काढता येते."

स्वयंपाकाचा नळ झाला, न्हाणीचा झाला. पंप बंद करायला हात पुढे केला आणि काका थबकले. मुलीच्या खोलीत एक बेसिन होतं! गेल्या वर्षी ती यायच्या आधीही त्यांनी असंच औषध फिरवलं होतं, पण स्वतः वापरायचे तेवढ्याच नळांतून. एकट्या माणसाचं घर दोन नळांत संपतं. तिसरा त्यांच्या ध्यानीमनीही नव्हता.

त्यांनी तो उघडला. नळाने घसा खाकरला, दोन उचक्या दिल्या आणि भसकन गढूळ, हिरवट पाणी ओकलं. गेल्या वर्षी ती हेच पाणी प्यायली होती. वर्षभर त्यांनी तिलाच सुनावलं होतं, "बाहेरचं अबरचबर खातेस आणि बोटीच्या नावाने खडे फोडतेस!"

वास यायला बराच वेळ लागला. मग नळ आणि पंप बंद करून त्यांनी फोन लावला.

"पाणीच खराब होतं गं. तुझ्या खोलीतला नळ मी धुतलाच नव्हता."



"बाबा, मला पाण्याचा राग नव्हता," ती म्हणाली. "तुम्ही मला खोटं पाडलंत, त्याचा होता."

"हो."

"उद्या येते. राहायचं मात्र आत्ता विचारू नका."

"नाही विचारत."

संध्याकाळपर्यंत त्यांनी औषध मुरू दिलं, टाकी रिकामी केली, साध्या पाण्याने तीनदा धुतली. वास पार गेल्यावर तिच्या नळाखाली पेला धरला, काठोकाठ भरला आणि एका दमात पिऊन टाकला. उद्यापर्यंत काही व्हायचंच असेल, तर ते आपल्याला होऊ दे, म्हणून.