उंबऱ्याबाहेरून सांगितलेलं गणित

“हे गणित ज्यानं पाठवलंय, त्याला आधी नीट उतरवायला शिकव.”

अमेरिकेहून आलेल्या उत्तरातलं ते वाक्य सरांनी दोनदा वाचून दाखवलं. मग छापलेला कागद माझ्यासमोर टाकला आणि म्हणाले, “यांना सवलती पाहिजेत. साधं गणित उतरवता येत नाही.”

सगळा क्लास हसला. माझे कान तापले. कागदावर माझं गणित नव्हतंच, दुसरंच काहीतरी होतं.

नव्वदचं दशक संपत आलेलं. मी संगमनेरला अकरावी सायन्सला, खेड्यातून एसटीनं येऊन-जाऊन. सर घरीच क्लास घ्यायचे. ते शिकवायचे फिजिक्स. गणितासाठी त्यांचा धाकटा भाऊ होता, अमेरिकेत शिकवणारा. आम्ही त्याला काका म्हणायचो. आपली शंका रविवारी सकाळी कॉम्प्युटरवरून पाठवायची, पुढच्या रविवारी उत्तर यायचं. असा क्लास गावात दुसरा नव्हता.

कॉम्प्युटर आतल्या खोलीत, देव्हाऱ्याशेजारी. दसऱ्याला पुजलेला. हळदकुंकवाची बोटं अजून पडद्याच्या कडेला. अमेरिकेचं ज्ञानसुद्धा या घरात सोवळ्यातच उतरायचं.

बाकीची पोरं आत जायची. एकेक जण खुर्चीवर बसून आपली शंका स्वतः टाइप करायचा, पडद्यावर तपासायचा, मग पाठवायचा. मी उठले तसे पहिल्याच रविवारी सर म्हणाले, “तू तिथंच थांब. आत देव आहेत. मेधाला सांग, ती टाइप करील.”

मेधा त्यांची मुलगी, माझ्याच वर्गातली. आम्ही बौद्ध, हे सरांना आडनावावरून कळलं होतं. त्यांनी ते शब्दात कधी म्हटलं नाही. उंबरा दाखवला की भागत होतं.

मी उंबऱ्याबाहेरून सांगितलं. “एक्स मायनस थ्री, त्याच्या खाली एक्स प्लस टू. हे सगळं एकापेक्षा मोठं.” वहीत आडवी रेघ दिसते, वर काय नि खाली काय ते कळतं. मेधानं सरळ एका ओळीत टाइप केलं, कंस न घालता. तीनच्या खाली फक्त एक्स गेला, टू बाहेर पडला. मला पडदा दिसत नव्हता. काकांनी भलतंच गणित सोडवलं आणि वर टोमणा हाणला.

माझी शंका मात्र खरी होती. दोन्ही बाजूंना खालच्या एक्स प्लस टूनं गुणलं, की वजा तीन हे दोनपेक्षा मोठे, असं निघायचं. म्हणजे उत्तरच नाही. पण एक्सच्या जागी वजा पाच घातले की गणित खरं ठरायचं. हे कसं? एवढंच मला हवं होतं.

क्लास सुटल्यावर मेधानं फाटकाशी गाठलं. “सॉरी गं. कंस राहिले माझ्याकडून.”

“मग आत बोलली का न्हाईस?”

“बाबा रागावतात.”

घरी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “जाऊ दे बाई. आपल्याला शिकायचंय. त्येंच्या देवाशी काय घेनं हाय?” तिचं बोलणं शहाणपणाचं होतं, म्हणूनच माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रात्रभर जळत राहिले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर शिकवलं म्हणून आभार मानायचे.

पुढच्या रविवारी माझी पाळी आली. मेधा खुर्चीवर सरसावून बसली. मी उंबरा ओलांडला.

“ऊठ,” मी तिला म्हणाले. ती उठली.

की-बोर्डवर कंस कुठं असतो तेच मला माहीत नव्हतं. एका बोटानं शोधत बसले. मागून सर म्हणाले, “बाहेर हो आधी.” मला कंस सापडला. गणित घातलं. खाली माझं नाव घातलं, आडनावासकट. पाठवणार तोच सर पुढं आले आणि त्यांनी कॉम्प्युटरला जोडलेली टेलिफोनची वायर उपटली.

“उद्यापासून यायचं नाही.”

“उद्या कशाला? आजच निघाले. गणित माझं हुतं, चूक तुमच्या घरातली हुती. काकांना कळवा.”

कुणी हसलं नाही. कुणी माझ्याबरोबर उठलंही नाही.

स्टँडवर एसटीची वाट बघत वही उघडली. वजा तीन, वजा दहा, शून्य, चार, असे आकडे घालून बघत गेले. तेव्हा दिसलं. एक्स प्लस टू स्वतः वजा असेल, तर त्यानं गुणताना मोठं-लहानचं चिन्ह उलटं फिरवावं लागतं. मी न बघताच गुणलं होतं. वजा दोनहून लहान कुठलाही एक्स चालत होता.

गणित सुटलं. राग गेला नाही. गेलेला नाही अजून, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. तो अमेरिकेतला माणूस आजही समजत असेल की तिकडं कुणाला तरी साधं गणित नीट उतरवता येत नव्हतं.

म्हणून सांगते. माझा प्रश्न मी स्वतःच्या हातानं आणि स्वतःच्या नावानं विचारीन. कुणाच्या दाराबाहेर उभं राहून विचारावा लागत असेल, तर तिथून मिळणारं उत्तर मला नको.