मालकीणबाईंचा सिनेमा

लग्न होऊन मी ठाण्याहून डोंबिवलीला आले, तेव्हा डोंबिवली म्हणजे विहिरी, भातखाचरं आणि स्टेशनाच्या आजूबाजूला उभ्या राहिलेल्या थोड्या चाळी, एवढंच होतं. ठाण्यात निदान थेटर होतं. डोंबिवलीत तेही नाही, याचं मला फार वाईट वाटलं. सासरी हे बोलून दाखवायची सोय नव्हती. पण आमच्याच चाळीत माझ्यासारख्या आणखी दोघी निघाल्या आणि माझा जीव भांड्यात पडला.

एक होती शेजारच्या खोलीतली, रेल्वेतल्या कारकुनाची बायको. नवऱ्याच्या पासावर ती मुंबईला जायची, ती नातेवाइकांकडे म्हणून, आणि दोन नातेवाइकांच्या भेटींच्या मध्ये एखादा सिनेमा बसवायची. दुसऱ्या होत्या मास्तरीणबाई. कल्याणच्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या, पन्नाशीच्या होत्या, तरुणपणीच विधवा झालेल्या. रविवारी दुपारी जेवणं आटोपून पुरुषमाणसं आडवी झाली की आम्ही तिघी चाळीच्या मागच्या पडवीत बसायचो. हातात काहीतरी निवडायला असायचं आणि तोंडात सिनेमा.

आयुष्यातला सगळ्यात आवडता सिनेमा कुठला, यावर आमचं भांडण कधी मिटलं नाही. मिटावं असं कुणाला वाटतही नव्हतं. कारकुनाच्या बायकोचा सिनेमा एका सोशिक सुनेचा होता. सासू तिच्यावर आळ घेते, ती घर सोडते आणि शेवटी सगळ्यांना चूक कळून ती परत येते. ती हे असं रंगवून सांगायची की आम्ही डोळे पुसायचो. पुढे तो सिनेमा मी पाहिला, तर त्यातली सून चक्क मरते. मी तिला विचारलं, तर म्हणाली, "मरते का? मी तेव्हा डोळे मिटून घेते, मला माहीत नाही."

माझा सिनेमा विनोदी होता. वडिलांनी ठाण्याला दाखवलेला. खरं सांगायचं तर त्यातली गोष्ट मला धड आठवत नव्हती. घरी कधीही न हसणारे वडील त्या अंधारात इतके हसले होते की त्यांची टोपी पुढच्या माणसाच्या मांडीवर पडली, ते मात्र लख्ख आठवत होतं. मास्तरीणबाई एक जुना मूकपट सांगायच्या, लहानपणी पाहिलेला. नवरा गेल्यावर कित्येक वर्षं त्या थेटरात गेल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांचं मन त्या मूकपटातच थांबलं होतं. पडद्याशेजारी पेटीवाला बसायचा, तो कुठे काय वाजवायचा, हेसुद्धा त्या सांगायच्या.

आमच्यापासून जरा लांब, उंबऱ्याला टेकून, चाळीच्या मालकीणबाई बसलेल्या असायच्या. घराणं इथलंच, पिढ्यान्‌पिढ्यांचं. मानपाड्याकडे त्यांची भातशेती होती, आणि स्टेशनाजवळच्या तुकड्यावर त्यांच्या नवऱ्यानं ही चाळ बांधली होती. अंगानं उंच, नऊवारी लुगडं घट्ट नेसलेलं. त्या वाल सोलत ऐकायच्या. मध्येच उठून बैलांना पाणी दाखवून यायच्या आणि पुन्हा ऐकायच्या. आम्हाला वाटायचं, त्यांना गंमत वाटत असेल या शहरी बायकांच्या गप्पांची.

एकदा मास्तरीणबाईंनी त्यांनाही विचारलं. मालकीणबाईंनी लगेच नाव घेतलं, जणू केव्हाची वाट पाहत होत्या. कारकुनाच्या बायकोला हसू आवरेना. तो सिनेमा मीही पाहिला नव्हता, पण त्याबद्दल ऐकलं होतं. कुठल्याशा राणीला राजा वनात धाडतो, असा पौराणिक थाटाचा, भडक मिशांचा, कधी आला आणि कधी गेला ते न कळलेला सिनेमा. कारकुनाची बायको म्हणाली की त्यातली राणी रडते का शिंकते तेच समजत नाही म्हणे.

मालकीणबाई रागावल्या नाहीत. हातातली शेंग सोलून संपवली आणि म्हणाल्या, "राणीचा मना काय करायचाय? माजी पोर हाय त्यात."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांचं माहेर खडवलीला, नदीच्या अंगाला. त्यांची मुलगी आजोळी गेली होती, तेव्हा मुंबईहून सिनेमावाले तिथं आले. राणी होडीतून जाते आणि प्रजा काठावर उभी राहून तिला निरोप देते, असं दृश्य घ्यायचं होतं. प्रजा कुठून आणणार, तर गावातली माणसंच उभी केली. मामानं भाचीलाही पुढे उभं केलं, नवं परकर-पोलकं घालून. चकचकीत पत्रे धरून उन्हाचा झोत माणसांवर पाडत होते, म्हणून पोरीनं डोळ्यांवर आडवा हात धरला. यंत्राकडे बघू नका असं सगळ्यांना बजावलं होतं. ती तेवढी बघत राहिली.

पुढच्या पावसाळ्यात ती तापानं गेली. विषमज्वर असावा. घरात तिचा एकही फोटो नव्हता. तेव्हा कोण काढत होतं फोटो?

आणि त्यानंतर तो सिनेमा कल्याणच्या तंबूतल्या थेटरात लागला. भाऊ बहिणीला घेऊन गेला, काय दिसणार आहे ते न सांगता. राणी होडीत बसली, काठावरची माणसं दिसली आणि पुढे हिची पोर उभी, डोळ्यांवर हात धरून थेट आईकडे बघत. सिनेमा कल्याणला होता तोवर मालकीणबाई रोज गेल्या. मग तो गेला आणि परत आला नाही.

ऐकता ऐकता कारकुनाच्या बायकोनं पदर तोंडाला लावला होता. जरा वेळानं तीच म्हणाली की आपण तो सिनेमा परत आणू. मास्तरीणबाईंनी तंबूवाल्याच्या मुलीला शाळेत शिकवलं होतं, तो ओळखीचा होता. त्यानं आधी टोलवाटोलवी केली, असले जुने खेळ आता कुणी बघत नाही म्हणाला. पण मास्तरीणबाई त्याच्या मागेच लागल्या. आमच्या चाळीतून आणि शाळेतून बायका येतील असा शब्द दिला. शेवटी दिवाळीनंतर त्यानं निरोप पाठवला, सिनेमा मिळाला, येतोय.

सिनेमा लागला त्या दिवशी मालकीणबाईंनी स्वतःची बैलगाडी जोडायला लावली. गाडीत पेंढा, त्यावर घोंगडी, आणि आम्ही चौघी दुपारीच निघालो. वाटेत त्या एरवीपेक्षा पुष्कळ बोलल्या. पोरगी कशी हट्टी होती, आंबटचिंबट खायला कशी चटावलेली होती, वगैरे. माझ्या पोटात तेव्हा माझी थोरली होती. मालकीणबाई मधून मधून गाडीवानाला सांगत होत्या, गाडी सावकाश हाक.

दिवस मावळला आणि पहिला खेळ सुरू झाला. बायकांच्या बाजूला आम्ही सतरंजीवर पुढेच बसलो. प्रत जुनी होती. पडद्यावर सारख्या रेघा ओढल्यासारख्या दिसत होत्या, आवाज मधूनच बुडत होता. राजा रागावला, राणीनं पाय धरले. मालकीणबाईंनी माझं मनगट धरलं आणि हळूच सांगितलं, "आता बघ हां, बाय."

राणी नदीवर आली. होडीवाल्यानं हात दिला, तिनं होडीत पाय ठेवला. पडदा एकदम हिसका बसल्यासारखा हलला आणि राणी जंगलात चालत होती.

मला आधी कळलंच नाही. वाटलं, काठावरची माणसं नंतर दाखवतील. मालकीणबाईही तशाच बघत राहिल्या. राणीला मूल झालं, ऋषी आले, राजाला पश्चात्ताप झाला, सगळं झालं. दिवे लागले, माणसं उठली. त्यांनी माझं मनगट सोडलं नव्हतं.

मास्तरीणबाई तडक यंत्राच्या खोपटाकडे गेल्या, आम्ही मागोमाग. यंत्र चालवणारा माणूस घामाघूम होता. त्यानं सांगितलं की प्रत त्याच्याकडे अशीच आली. फिल्म तुटते, तेव्हा तुटलेला भाग कापून पुढचा जोडतात. गावोगाव तुटत तुटत इतकी कापली गेली असणार. मास्तरीणबाईंनी विचारलं की कापलेले तुकडे कुठे जातात. तो म्हणाला, फेकतात, मुलं खेळायला नेतात.

मग त्याला सगळं सांगितलं. माणूस भला होता. बाहेर दुसऱ्या खेळाची गर्दी ओरडत होती, तरी त्यानं त्या भागाचं रीळ काढलं आणि जोड शोधून दिव्यासमोर धरलं. मालकीणबाई वाकून बघू लागल्या. एका चौकटीत राणीचा पाय होडीत होता, पुढच्या चौकटीत झाडं होती. मध्ये पिवळट चिकटवण होती. त्यांनी त्या जोडावरून अंगठा फिरवला. जराशानं त्या माणसानं रीळ त्यांच्या हातातून अलगद काढून घेतलं. त्याचाही इलाज नव्हता.

परतताना गाडीत कारकुनाच्या बायकोनं काहीतरी सुरू करून पाहिलं, ते तसंच विरलं.

माझे यजमान मुंबईला एका छापखान्यात होते. सिनेमाची पोस्टरं तिथं छापली जात, त्यामुळे ओळखी होत्या. मी मागे लागले, तेव्हा ते महिनाभर विचारत हिंडले. एका रविवारी त्यांनी पडवीत येऊन स्वतःच मालकीणबाईंना सांगितलं. मी म्हटलं होतं सांगू नका, पण ते म्हणाले, खोट्या आशेवर ठेवणं बरं नाही. तो सिनेमा काढणारी कंपनी बुडाली होती. होत्या नव्हत्या तेवढ्या जुन्या फिल्मा विकून टाकल्या होत्या. त्या धुऊन त्यातली चांदी काढतात, असं त्यांना कळलं होतं.

मालकीणबाईंना ते समजेना. फिल्म धुतली की वरची माणसं कुठे जातात, असं त्यांनी विचारलं. यजमानांनी समजावलं, पाण्याबरोबर जातात.

"म्हंजे पुसली," त्या म्हणाल्या.

"हो," यजमान म्हणाले.

त्यानंतरही रविवारी आम्ही बसायचो, पण गप्पा पूर्वीच्या राहिल्या नाहीत. आम्ही तिघी एकेक सिनेमा तासन्‌तास रंगवून सांगणाऱ्या. त्या सिनेमातला काठावरचा तो तुकडा मात्र आमच्यापैकी कुणालाच सांगता येत नव्हता. एकदा मालकीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं की पोरीचं पोलकं पांढरं दिसलं होतं का काळं. मी कशी सांगणार? मी ते पाहिलंच नव्हतं. घरातलं ते पोलकं हिरवं होतं एवढं त्यांना आठवत होतं, पण पडद्यावर कसं होतं ते आता डोळ्यांपुढे येत नाही, म्हणाल्या. भावाला विचारलं तर तो वेगळंच सांगतो. मी त्यांच्याजवळ बसून राहिले. दुसरं काय करणार होते?

माझी थोरली उन्हाळ्यात झाली. ती बसायला लागली तेव्हा मालकीणबाईंनी कल्याणहून फोटोवाल्याला बोलावलं आणि चाळीतली सगळी पोरं अंगणात आणायला लावली. सासूबाई नको म्हणत होत्या, फोटोनं लेकराचं आयुष्य कमी होतं म्हणत होत्या. मालकीणबाई त्यांच्याशी वाद घालत बसल्या नाहीत. सरळ आत आल्या, पाळण्यातून माझी मुलगी उचलली आणि बाहेर घेऊन गेल्या. सासूबाई तोंडावर हात ठेवून बघत राहिल्या.

फोटोवाला पोरांना ओळीत बसवायला धडपडत होता. कुणी रडत होतं, कुणी पळत होतं. माझी मुलगी हलत होती म्हणून तिला मालकीणबाईंनी मांडीवर धरलं, आणि त्यामुळे त्याही त्या फोटोत आल्या.

फोटो आला तेव्हा मी त्यांना दाखवायला घेऊन गेले. त्यांनी तो खिडकीशी नेऊन पाहिला. प्रत्येक पोरावर बोट ठेवत त्यांची नावं घेतली, माझ्या मुलीचंही. मग फोटो मला परत दिला आणि म्हणाल्या, "जपून ठेव हां, बाय. पानी लागू देऊ नको."

मी हो म्हटलं. त्या आत गेल्या आणि चुलीवरचं आधण उतरवू लागल्या.