मागच्या चाकांवरचं वजन

नागप्पाला कुणी विचारलं, की गाडी कुठली चांगली, तर तो कंपनीचं नाव घ्यायचा नाही. उलट विचारायचा, "वढती का ढकलती?" समोरचा गोंधळला की स्वारी खूश. चहाचा कप बाजूला ठेवून सांगायला बसायचा, की पुढची चाकं जिला पळवतात ती वढती, मागची पळवतात ती ढकलती, आणि शहाण्या माणसानं ढकलणाऱ्या गाडीत बसावं. उमरग्यात हायवेवरल्या हॉटेलात टेकणाऱ्या ड्रायव्हरांना हे पुराण तोंडपाठ होतं. कुणी मुद्दाम काडी घालायचं, "नागप्पा, बैल तर गाडी पुढनंच वढतंय की." त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, "आन् चिखलात रुतली की गडी खांदा कुठं लावतोय रं? मागंच न्हवं?" हशा पिकायचा. गमतीचा माणूस होता. होता म्हणायचं, कारण आता तो हॉटेलात येतो, चहा पितो, पैसे ठेवतो आणि उठून जातो.

गाडी तो शिकला मैनुद्दीन उस्तादाच्या हाताखाली. शिवकुमारअप्पांच्या डाळमिलची जुनी ॲम्बेसडर तेव्हा उस्ताद चालवायचा. सगळा मुलूख काळ्या मातीचा. पाऊस झाला की रस्त्याला साबण फासल्यासारखं व्हायचं, आणि रिकाम्या डिकीची ती ॲम्बेसडर मागून अशी बूड हलवायची की बसणाऱ्यानं दार घट्ट धरून ठेवावं. उस्तादानं पोराच्या कानात एकच मंत्र फुंकला, "पीछू वजन डाल बेटे. पीछू वजन रह्या तो गाडी जमीन पकडती." आभाळ आलं की डिकीत डाळीचे दोन कट्टे टाकायचे, ही मिलवरची रीतच पडली. त्या कट्ट्यांच्या जोरावर नागप्पानं बाळंतिणी नेल्या, वऱ्हाडं नेली, अणदूरच्या खंडोबाला नवस फेडणारी माणसं नेली, आणि गाडीनं कधी रस्ता सोडला नाही. पुढं उस्ताद गेला, ॲम्बेसडर भंगारात गेली, मंत्र तेवढा राहिला.

अप्पांची आई गंगम्मा. अप्पा तिला अव्वा म्हणायचे, म्हणून नागप्पाही अव्वाच म्हणायचा. त्याची स्वतःची आई लहानपणीच गेलेली. मिलवर आला त्या दिवसापासून गंगम्मानं त्याला कधी ओसरीवर जेवायला बसवलं नाही, चुलीपाशी बसवलं. कुठं जायचं निघालं की ती आधी विचारायची, नागप्पा हाय का? नसला तर म्हणायची, "मग म्या ष्टीनं जाते. ष्टीचा डायवर निदान सरकारचा तरी असतो." दुसऱ्या कुणाच्या मागं ती बसत नसे, आणि नागप्पाला ह्याचा केवढा तोरा. बायकोनं केलेलं कौतुक नसलं तरी त्याला चालायचं, हे लागायचंच.

म्हातारपणी तिच्या किडन्या गेल्या. सोलापूरला आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. डाव्या हातातल्या नसा जोडून डॉक्टरांनी सुया टोचायची जागा करून दिली होती. तिथं बोट ठेवलं की आत थरथर लागायची. तिला ती पहिल्यांदा कळली, तेव्हा तिनं नागप्पाचा हात ओढून त्यावर ठेवला. "बघ रं, माजंबी इंजन चालू हाय."

नागप्पानं इंजिन ऐकावं तसा कान लावला. म्हणाला, "लई ग्वाड आवाज हाय अव्वा. काम निघायचं न्हाय इतक्यात."

दोघंही हसली. तो हात म्हणजे तिचा जीव होता. त्या हातानं वजन उचलायचं नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही, त्याला धक्का लागू द्यायचा नाही. नागप्पानं हे देवाच्या नावासारखं पाठ केलं होतं.

आज्जीला आरामात नेता यावं म्हणून अप्पांच्या मुलानं, विरेशनं, नवी गाडी आणली. लांबलचक, टर्बो पेट्रोलची, पुढच्या चाकांची. विरेशचा दोस्त महारुद्र, लोखंडाचा व्यापारी, त्याच्याकडं तशीच दांडगी पण मागच्या चाकांची गाडी होती. दोघांत पैज लागली आणि पंच कोण, तर नागप्पा. रविवारी सकाळी मोकळ्या हायवेवर दोन्ही किल्ल्या त्याच्या हातात आल्या.

आधी महारुद्रची घेतली. पाय दाबला तशी गाडी मागं टेकली आणि पाठीत हात घालून पुढं लोटायला लागली. स्टेअरिंग शांत, जणू त्याला ह्या धावपळीशी देणंघेणंच नाही. वळणावर पाय अंमळ जड झाला तेव्हा मागची बाजू थोडी बाहेर आली. नागप्पानं चाक जरासं उलटं दिलं, आली जागेवर. त्याला किती वर्षांनी उस्ताद भेटल्यासारखं वाटलं. मग विरेशची. ताकदीला ती तसूभर कमी नव्हती, पण पाय दाबला की पुढची चाकं जागच्या जागी भिंगरायची, आणि स्टेअरिंग दावं तोडू बघणाऱ्या गोऱ्ह्यासारखं हाताला हिसडे द्यायचं. त्याच चाकांनी पळायचं आणि त्याच चाकांनी वळायचं. वळणात जोर दिला तर ती वळेचना, नाक सरळच चाललं. सरळ रस्त्याला मात्र रेघ ओढावी तशी, खड्ड्यात मऊ, मागं ऐसपैस. म्हाताऱ्या माणसाला हीच बरी, हे त्यानंही कबूल केलं.

"मग मामा, निकाल सांगा," विरेश म्हणाला. नोकर असला तरी वडीलधारा, म्हणून नागप्पाला घरातली पोरं मामाच म्हणायची.

"हिचा जीव पुढं हाय," नागप्पा म्हणाला. "पुढचं चाक सुटलं की समदं सुटलं. ध्यानात ठिवा."

तोंडानं तो अगदी बरोबर बोलला. हाताला मात्र ते कुणी सांगितलं नाही.

उसाचा हंगाम चालू असताना अवकाळी आला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या शेतातून निघताना चाकांना मणभर काळी माती घेऊन येतात आणि ती सगळी डांबरावर सांडत जातात. त्यावर पाणी पडलं, मग काय विचारता. डायलिसिसचा दिवस होता, तो काही पुढं ढकलता येत नाही. नागप्पानं आभाळाकडं बघितलं, मिलमध्ये गेला आणि हमालाला सांगून दोन कट्टे डिकीत टाकले.

गंगम्मा पायरी उतरत होती. "आरं, डाळ कुणाला?"

"दीपालीताईस्नी हुईल की अव्वा." दीपाली विरेशची बहीण, सोलापूरला दिलेली. दवाखान्यात आज्जीजवळ तीच थांबायची.

"तिच्या घरात काय कमी हाय? काढ ती पोती."

"असू द्या. मागं वजन बरं असतंय. गाडी रस्ता धरती."

गाडीतलं तिला काय कळणार, आणि नागप्पाच्या शब्दावर तिनं आजवर कधी शब्द ठेवला नव्हता. नेहमीसारखी मागं डाव्या खिडकीशी बसली.

अणदूरच्या अलीकडं पुलाचं काम होतं, तिथं रस्ता हायवे सोडून खाली उतरायचा आणि उजवीकडं वळायचा. वळणावर ट्रॉल्यांनी मातीचा राडा केलेला. नागप्पानं वेग आधीच कमी केला होता, हे त्याचे शत्रूही नाकारणार नाहीत. त्यानं स्टेअरिंग फिरवलं. गाडी वळली नाही. मागचं वजन बसलेलं, पुढचं हलकं झालेलं, चाकं वळलेली आणि गाडी सरळ. मग हाताला जे येत होतं तेच हातानं केलं. गाडी सुटायला लागली की घाबरून पाय काढायचा नाही, थोडा जोर द्यायचा, हे उस्तादाचं शिक्षण. ढकलणाऱ्या गाडीला ते कदाचित तारतं. ह्या गाडीची चाकं जास्तच भिंगरली, आणि डावी बाजू पुलाच्या दगडी कठड्यावर जाऊन बसली.

नागप्पाला खरचटलंसुद्धा नाही. मागचं दार आत आलं होतं आणि गंगम्माचा डावा हात दारात होता. ती ओरडली नाही. डिकी उघडून एक कट्टा फुटला होता, चिखलात पिवळी डाळ पसरली होती. नागप्पानं त्या हातावर बोटं ठेवली. थरथर लागत नव्हती. त्यानं जागा बदलून बदलून बघितलं.

सोलापूरच्या दवाखान्यात हात वाचला, नस मेली. आता मानेत नळी घालून त्यातून रक्त काढायचं, आणि तिथं जंतू शिरायची भीती कायमची, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी विरेश गाडी बघून आला. आवाज चढवला नाही त्यानं, पण चेहरा राखेसारखा झाला होता.

"मामा, डिकीत शंभर किलो डाळ होती. पुढच्या चाकांची गाडी ती, मागं एवढं वजन टाकल्यावर वळंल कशी? कुणी टाकली?"

अप्पा बघत होते, दीपाली बघत होती. नागप्पानं तोंड उघडलं, पण आधी आवाज आला तो खाटेवरून. "म्याच टाकायला लावली. दीपालीला दे म्हणलं. तो नगं नगं म्हणत हुता."

दीपालीनं पदर तोंडाला लावला. अप्पांनी नागप्पाच्या खांद्यावर हात ठेवला. आणि नागप्पा? नागप्पा गप्प राहिला. नावाचा लोभ म्हणा, नोकरीची भीती म्हणा, काहीही म्हणा. त्या एका गप्प राहण्यानं तो कायमचा गप्प झाला.

पुढच्या खेपेला त्यानं दुसरी गाडी पुसून दारात लावली. गंगम्मानं ॲम्ब्युलन्स मागवायला सांगितलं. घरच्यांना म्हणाली, मान अवघडती, पडून गेलेलं बरं. सगळ्यांना पटलं. नागप्पा तिचं पाण्याचं भांडं घेऊन पाठोपाठ गेला, तेव्हा अंगणात दुसरं कुणी नव्हतं.

"अव्वा, तुमी खोटं का बोललासा?"

"तुजं नाव ग्येलं असतं. डायवराजवळ दुसरं काय असतंय?"

"मग माज्या गाडीत..."

"साकु, नागप्पा," ती म्हणाली. पुरे म्हणायचं तर ती कानडीतच म्हणायची. मग त्याच्याकडं न बघता बोलली, "जीव तुज्यावरच हाय रं. पर आता तुज्या मागं बसवत न्हाय. वळण नुसतं मनात आलं तरी डोळं मिटत्यात."

हे त्या दोघांतच राहिलं. घरात सगळे म्हणायचे, मान नुसतं निमित्त, नागप्पाची गाडी मोडली तर म्हातारी दुसऱ्या गाडीत बसंना, ॲम्ब्युलन्सनं जाते. विरेशला ह्याचं इतकं लागलं, की त्यानं ठोकलेली गाडी काढून टाकली आणि महारुद्रची मागच्या चाकांची गाडी विकत घेतली. "घ्या मामा, तुमच्या मनातली. आज्जी बरी झाली की हिच्यातनं न्या." नागप्पा ती गाडी रोज धुवायचा. मागच्या सीटवर धूळ बसू द्यायचा नाही.

ज्याची भीती होती तेच झालं. मानेतल्या नळीतून विष पसरलं, थंडीताप भरला, आणि उन्हं तापायच्या आत गंगम्मा सोलापुरात गेली. सकाळीच अप्पांचा फोन आला. "नागप्पा, गाडी घेऊन ये. ॲम्ब्युलन्सवाले आडवी नेत्यात. आपल्यात माणूस बसूनच मातीत जातंय. अंग आखडायच्या आत बसवून न्यायची." मग म्हणाले, "आन् तिला तुज्याबिगर कुणाची गाडी चालत नव्हती."

तो गेला. तिला आणून मागच्या सीटवर मधोमध बसवलं, कपाळाला विभूती, शालीनं सीटला बांधलेली. एका बाजूला विरेश, दुसऱ्या बाजूला दीपाली. अप्पा पुढं बसले. तिघांचं वजन मागच्या चाकांवर आलं, आणि नागप्पानं पाय ठेवताच गाडीनं रस्ता असा धरला, की आयुष्यात त्याला एवढी चांगली गाडी कधी लागली नव्हती. स्टेअरिंग शांत होतं. त्याला ते हातात नको होतं.

अणदूरपासून पुढं पुलाचं काम आलं, रस्ता खाली उतरला. वळणावर आता चिखल नव्हता, कोरडी धूळ होती. कठड्याचा निसटलेला दगड तसाच पडला होता. नागप्पानं स्टेअरिंग फिरवलं, गाडी गुमान वळली, आणि त्यानं आरशात पाहिलं. गंगम्माचे डोळे मिटलेले होते.

"बघ," अप्पा रडवेल्या आवाजात म्हणाले, "तुज्या गाडीत कशी निवांत बसलीया."

"व्हय अप्पा," नागप्पा म्हणाला.